पांझरेकाठचं जर-तर

पांझरा पिंपळनेरच्या वरच्या अंगाला डोंगरात उगम पावते आणि साक्री, धुळे करत मुडावदला तापीला मिळते. या नदीवर, तसंच कान, बुराई, मोसम, आरम या आसपासच्या नद्यांवर आडवे दगडी बंधारे घालून पाटानं पाणी शेतात फिरवायची जुनी रीत आहे. आमच्याकडे तिला फड म्हणतात. ती तीनचारशे वर्षांपूर्वीची मानली जाते. फडावर पुष्कळ लिहून झालंय, पण ते पाणी, पीक आणि सहकार या अंगानं. माझा धंदा प्रोग्राम लिहिण्याचा. विकास सोसायट्या, पतसंस्था, दूध संस्था यांचे हिशेब ज्यांवर चालतात ते प्रोग्राम मी लिहिते. म्हणून मला फडाच्या इतिहासात आणखी एक गोष्ट दिसते, जी माझ्या वाचनात कुठे आलेली नाही. फड हा अटींचा इतिहास आहे. त्या अटी इतक्या स्वच्छ लावलेल्या होत्या की अक्षरओळख नसलेला माणूस अमावास्येच्या रात्री, कंदिलाच्या उजेडात, त्या बिनचूक पाळू शकायचा.

प्रोग्राममध्ये अट म्हणजे ‘असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर’. बेरीज-वजाबाकीत यंत्र चुकत नाही. घोळ होतो तो अटीत. व्याज कुणाला लागू, दंड कधीपासून, सवलत कोणत्या खात्याला, हे सगळं ‘जर’ आणि ‘तर’ यांच्या मध्ये बसलेलं असतं. ती अट यंत्राला कशीही लिहिली तरी कळते. प्रश्न माणसाचा आहे. सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणी ती वाचली, तर त्याला ती कळते का?

आता फडाकडे. एका बंधाऱ्याच्या पाण्यावर जेवढी जमीन भिजेल तेवढी आखून दिलेली असते, तिला थळ म्हणायचं. थळाचे बहुधा तीन-चार भाग, ते फड. एका फडात एका हंगामाला सगळ्यांचं एकच पीक: एकात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात बाजरी किंवा भुईमूग. वर्ष पालटलं की पिकं फड बदलतात. बहुतेकांची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात असते, त्यामुळे एखाद्या फडाला पाणी नाकारलं तरी एकाच घरावर कुऱ्हाड पडत नाही. पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं. शेतकऱ्यानं स्वतः पाट फोडायचा नाही, हा पहिला दंडक. पिकावर नजर ठेवायला जागले, आणि सगळ्यांवर देखरेखीला हवालदार. त्यांचा मेहनताना शेतकरी मिळून देत, पूर्वी धान्याच्या रूपात.

माझे आबा पाटकरी होते. मी त्यांची भाकर घेऊन पाटावर जायचे, तेव्हा एकदा एक शेतकरी अंधारात येऊन म्हणाला, “आबा, मना गहू सुकी राह्यना.” आबांनी मान वर न करता विचारलं, “तुनी बारी उनी का?” म्हणजे, तुझी पाळी आली का? तो गप्प झाला आणि बसून राहिला. गहू सुकतोय की नाही, किती सुकतोय, कुणाचा जास्त सुकतोय, या कशातच आबा शिरले नाहीत. निर्दयपणा म्हणून नव्हे. सुकण्याचं माप रात्री कुणी घेऊ शकत नाही. बारी आली की नाही हे मात्र त्या माणसालाही दिसत होतं.

आबांचे प्रश्न ठरलेल्या क्रमानं यायचे. जमीन थळात आहे का? नसेल तर तिथंच विषय संपला, पुढचं काही विचारायचंच नाही. फडाला ठरलेलं पीकच लावलंय का? नसेल तर पुन्हा तिथंच थांबायचं. मग बारी. या तिन्हींतून जो पार झाला त्याला पाणी, त्यात आणखी कुठला ‘पण’ नाही. सगळं शेत भिजून पाणी उरलं, तर ते परत नदीत, म्हणजे खालच्या बंधाऱ्याच्या वाट्याला. ‘नाहीतर काय’ या प्रश्नाचं उत्तरही आधीच ठरलेलं होतं, आणि नियम पुरा असल्याची खूण मी तीच मानते.

दुष्काळाच्या सालचा नियम मला सगळ्यांत हुशारीचा वाटतो. पाणी कमी असेल तर ऊस घ्यायचा नाही किंवा कमी घ्यायचा, प्रसंगी एखादा फड पडीत ठेवायचा, हे ठरवायची जागा बैठक होती, तेही हंगाम सुरू व्हायच्या आत. एकदा ठरलं की ठरलं. पाटकऱ्याला रोज रात्री नदीत किती पाणी आहे, पावसाचं मान काय, उसाची मुळी किती खोल गेली, याचा खल करावा लागत नसे. त्याच्यापुरता एकच शब्द उरायचा: औंदा पाणी कमी आहे. आम्ही प्रोग्राममध्ये चांगलं काम करतो तेव्हा नेमकं हेच करतो. लांबलचक अट एकदाच, एका जागी तपासायची, निकालाला सरळ नाव द्यायचं आणि पुढे सगळीकडे ते नाव वापरायचं. जिथं ती अट दहा ठिकाणी पुन्हापुन्हा लिहिलेली असते, तिथं एक दिवस नऊ जागी बदल होतो आणि दहावी राहून जाते.

आमच्या खानदेशात हे शहाणपण फक्त पाटावर नव्हतं. चाळीसगावजवळचं पाटण, आज ज्याला आपण पाटणादेवी म्हणतो, तिथं शके ११२८, म्हणजे इसवी सन १२०७ चा एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांसमोर आणला. यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव यानं आपले आजोबा भास्कराचार्य यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला दान दिलं, असं त्यात लिहिलेलं आहे. लेखाचा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे. गावात जेवढे तेलाचे घाणे चालतील तेवढ्या प्रत्येकामागे मठाला पळीभर तेल द्यायचं, अशी तरतूद त्यात आहे. घाणे वाढले तर तेल वाढेल, घटले तर घटेल. आकडा न कोरता रीत कोरली, म्हणून ती दगडावर टिकली आणि जुनीही झाली नाही.

त्या मठात ज्यांचे ग्रंथ शिकवायचे ते भास्कराचार्य १११४ साली जन्मले, आणि ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी सिद्धान्तशिरोमणी पुरा केला. त्यातल्या लीलावतीत कुट्टक नावाचं प्रकरण आहे. त्यातलं एक उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. २२१ ला अशा कोणत्या संख्येनं गुणावं, की त्यात ६५ मिळवल्यावर १९५ नं नि:शेष भाग जाईल? भास्कराचार्य आकडेमोड सुरू करण्याआधीच एक गोष्ट तपासायला सांगतात. २२१ आणि १९५ या दोघांना ज्या संख्येनं भाग जातो, तिनं ६५ लाही जातो का? इथं ती संख्या १३. ६५ लाही तिनं भाग जातो, म्हणून तिघांना १३ नं भागून १७, १५ आणि ५ उरतात. पण ६५ च्या जागी ६४ असते तर? तर प्रश्नच सदोष आहे, असं ते सरळ सांगतात. उत्तर शोधत बसायचं नाही. जमीन थळाबाहेर असल्यासारखंच.

पुढे १७ ला १५ नं भागायचं, मग १५ ला बाकीनं, असं बाकी १ उरेपर्यंत. भागाकार येतात १ आणि ७. ते एकाखाली एक मांडून त्यांच्याखाली ५ आणि ० लिहायचे आणि खालून वर गुणत-मिळवत जायचं. ७ गुणिले ५ म्हणजे ३५, मग १ गुणिले ३५ अधिक ५ म्हणजे ४०. ४० मधून १७ चे पट काढले की ६ उरतात, ३५ मधून १५ चे पट काढले की ५. उत्तर ५: २२१ ची पाचपट ११०५, त्यात ६५ मिळवले की ११७०, आणि १९५ नं भागलं की बरोबर ६. हे उत्तर असं थेट घ्यायचं, कारण भागाकारांची संख्या सम, म्हणजे दोन आहे. ती विषम असेल तर आलेल्या संख्या आपापल्या भाजकातून वजा करायच्या. मिळवायची संख्या ऋण असेल तर त्याचा नियम वेगळा सांगितलेला आहे. कडेची एकही शक्यता शिकणाऱ्याच्या अंदाजावर सोडलेली नाही. ‘तर’ कुठे वळेल हे ग्रंथच सांगतो, आणि प्रत्येक वळण बोटांवर मोजून तपासता येतं: सम की विषम, भाग जातो की नाही.

तीच गोष्ट धर्मसिंधूची. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास तो सोप्या संस्कृत गद्यात लिहिला. कोणतं व्रत कोणत्या दिवशी हा त्याचा मोठा विषय. तिथी सूर्योदयाला बांधलेली नसते. ती कधीही सुरू होते, कधीही संपते, म्हणून दोन दिवसांत भांडण लागतं. भाद्रपदातल्या गणेश चतुर्थीला दुपारची, म्हणजे मध्याह्नाची चतुर्थी लागते. मग शक्यता किती? चतुर्थी दोन्ही दिवशी दुपारी असेल, फक्त पहिल्या दिवशी असेल, फक्त दुसऱ्या दिवशी असेल, किंवा एकाही दिवशी नसेल. दोन्ही दिवशी असेल, फक्त पहिल्या दिवशी असेल किंवा एकाही दिवशी नसेल तर पहिला दिवस घ्या, फक्त दुसऱ्याच दिवशी असेल तर दुसरा. दुपारला तिथी नुसती शिवून गेली की पूर्ण व्यापून राहिली, याचाही वेगळा विचार केलेला आहे. धर्म बाजूला ठेवून केवळ लेखन म्हणून हे वाचा. प्रोग्राम शिकणाऱ्या मुलांना मी हाच उतारा समजावून देते, कारण चारही घरं भरलेली आहेत. ‘दोन्हीही नाही’ हे घर बहुतेक लोक विसरतात, आणि यंत्र नेमकं तिथंच अडकतं.

यंत्रांच्या जगात मात्र हे शहाणपण पुन्हा मुळापासून शिकावं लागलं. १९५७ साली फोरट्रान भाषा आली, तेव्हा तिच्यातल्या ‘इफ’ला तीन आकडे द्यावे लागत: हिशेब ऋण आला तर अमुक क्रमांकाच्या ओळीवर जा, शून्य आला तर तमुक, धन आला तर आणखी तिसऱ्या. का जायचं, हे वाचणाऱ्यानं ओळी शोधत स्वतः जुळवायचं. १९६० च्या अल्गोल भाषेनं ‘असेल तर हे, नाहीतर ते’ ही माणसाच्या बोलण्यासारखी मांडणी रूढ केली. त्याच वर्षी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला संगणक कामाला लागला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचं नामकरण ‘टिफ्रॅक’ असं केलं. १९६८ मध्ये डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाचं पत्र छापून आलं. ‘त्या ओळीवर उडी मार’ या आज्ञेमुळे प्रोग्राम वाचणाऱ्याच्या डोक्यात चित्र राहत नाही, असं त्याचं म्हणणं. त्यावर वर्षानुवर्षं वाद झाले, पण आज त्याचं म्हणणं प्रत्येक वर्गात शिकवलं जातं.

आमच्या भागात प्रोग्राम आला तो नव्वदच्या दशकात, सोसायटीच्या कपाटाशेजारी ठेवलेल्या एका संगणकावर, डीबेस आणि फॉक्सप्रोच्या रूपानं. फॉक्सप्रोमध्ये ‘डू केस’ नावाची सोय होती. एकाखाली एक अटी लिहायच्या. वरून खाली जाताना जी पहिली खरी ठरेल तेवढीच चालायची, आणि शेवटी ‘अदरवाइज’, म्हणजे बाकी सगळ्यांसाठी. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आबांचा क्रम आठवला: थळ, पीक, बारी, आणि उरलेलं पाणी नदीला. पण लोक ‘डू केस’ वापरत नसत. इफच्या पोटात इफ, त्याच्या पोटात आणखी इफ, आणि शेवटी नुसत्या ‘एंडइफ’ची रांग. एका संस्थेचा असा जुना प्रोग्राम माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. थकीत कर्जावर दंडव्याज कधी लावायचं, एवढीच ती अट. चार ठिकाणी ‘नॉट’ होतं, त्यातलं एक कंसाबाहेर. ‘नियमित नाही किंवा मुदतवाढ नाही असं नाही’, अशा अर्थाचं काहीतरी. संस्थेचे सचिव तीस वर्षं तेच काम करत होते. त्यांना मी ती ओळ मराठीत वाचून दाखवली तर ते म्हणाले, “ताई, हा नियम आमचा नाही.” नियम त्यांचाच होता, कागदावर त्यांच्याच सहीचा. तो मोडून मी तीन ओळी केल्या: मुदतवाढ मिळाली आहे, दंड नाही. हप्ते वेळेवर आहेत, दंड नाही. बाकी सगळ्यांना दंड. सचिवांनी चष्मा लावून त्या वाचल्या आणि दुसऱ्या ओळीत वेळेवर म्हणजे कुठपर्यंत, महिनाअखेर की हप्त्याची तारीख, हे विचारलं. कितीतरी वर्षं त्या प्रोग्रामला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, कारण कुणाला तो वाचताच येत नव्हता.

‘नाही’चे असे गुंते सोडवायचा नियम ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नावानं ओळखला जातो. ते १८०६ साली मदुराईत जन्मलेले. ‘दोन्ही आहेत असं नाही’ म्हणजे ‘निदान एक तरी नाही’. ‘एकही आहे असं नाही’ म्हणजे ‘हेही नाही आणि तेही नाही’. कागदावर हे सोपं आहे, पण माणसाचं पोट त्यावर अवलंबून असतं तेव्हा सोपं राहत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेली महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना घ्या. ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकबाकी २ लाखांपर्यंत असलेली पीककर्जाची खाती त्यात पात्र होती, त्याहून वरची नव्हती. दरमहा २५ हजारांहून जास्त पगार घेणारे सरकारी कर्मचारी अपात्र, पण चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी त्यातून वगळलेले. म्हणजे अपात्रतेतून सूट. हेच जर ‘पात्र नसलेल्यांत नसेल तर’ असं लिहिलं, तर शिपायाच्या खात्याचं काय होईल हे कोण सांगेल? आणि ‘पर्यंत’च्या जागी ‘पेक्षा कमी’ पडलं, तर बरोबर २ लाख थकबाकी असलेला शेतकरी यादीतून जातो. त्याला ते कधी कळणारही नाही. त्याला एवढंच दिसेल की यादीत नाव नाही. फडावर निदान बारी आली नाही हे डोळ्यांना दिसत होतं.

म्हणून मी अटीकडे कारागिरी म्हणून न बघता हक्क म्हणून बघते. ज्याच्यावर नियम चालतो त्याला, किंवा निदान त्याच्या वतीनं विचारणाऱ्याला, तो नियम वाचता आला पाहिजे. पाटणच्या लोकांनी हे दगडावर केलं, पंढरपूरच्यांनी शाईनं, पांझरेकाठच्यांनी तोंडी.

फड आता विरत चालले. वरच्या अंगाला धरणं झाली, पिंपळनेरजवळ लाटीपाड्याचंही झालं, आणि नदीचं बारमाही वाहणं उरलं नाही. विहिरी आणि मोटारी आल्या, तसा ज्याचं त्याचं पीक ज्याच्या त्याच्या मनानं घेता येऊ लागलं. त्यात शेतकऱ्याचं भलंही झालं, ते मी नाकारत नाही. २००५ च्या कायद्यानं पाणीवापर संस्थांना पाणी वाटून घ्यायचे अधिकार दिले. त्या संस्थांचे नियम आता छापील असतात, काहींचे संगणकावरही जातील. ते लिहायला बसणाऱ्यांतली बरीच मुलं आमच्याच भागातली असतील, पुण्यात नोकरीला असलेली.

त्यांना माझी एक विनंती आहे. साक्री, बागलाण, धुळे या पट्ट्यात अजून काही म्हातारे पाटकरी आणि जागले हयात आहेत. सुट्टीला गावी आलात की त्यांच्याजवळ बसा आणि त्यांच्या बंधाऱ्याचे नियम त्यांच्याच क्रमानं लिहून घ्या: आधी कोणता प्रश्न, मग कोणता, कुठं थांबायचं. आणि प्रत्येक नियमानंतर ‘नाहीतर काय?’ हे विचारल्याशिवाय वही मिटू नका.